मुठेल

रातांब्याच्या बिया वैशाखात वाळवून ठेवल्या होत्या,
आता मार्गशीर्षात काढल्या.
उभादांड्याला पहाटे जरा गार वारा सुटतो
आणि माणसांच्या टाचा तडकायला लागतात.
त्याशिवाय माझा धंदा सुरू होत नाही.

कुटायच्या. वस्त्रगाळ नव्हे, जाड्याभरड्याच.
मग सोडणांच्या जाळावर उकळायच्या.
पाणी आधी तपकिरी होतं, मग गढूळ,
मग बराच वेळ काहीच होत नाही.
या काहीच-न-होण्यात उठून गेलात
तर बुडाला करपतं.

दुसऱ्या दिवशी वरचा थर उचलायचा,
पातळ करून गाळायचा,
आणि निवता निवता मुठीत दाबायचा.
चार बोटांचे चार वळ,
अंगठ्याचा एक खड्डा.
म्हणून मुठेल.

यतीन म्हणतो, आई, साचा आणूया,
गुलाबाच्या फुलाचा.
पुण्याच्या गिऱ्हाइकाला हे वळ बघून वाटतं
कुणीतरी वापरलेलं पाठवलंय.
लेबल त्यानेच छापलं: शंभर टक्के नैसर्गिक.
मी म्हटलं, खाजकुयलीसुद्धा
शंभर टक्के नैसर्गिकच असते रे.

कोळंबी सोलणाऱ्या बायका लेबल वाचत नाहीत.
बर्फाने फुटलेली बोटं पुढे करतात,
कागदात गोळा घेतात,
पैशांऐवजी कधी वाटाभर सोडे ठेवतात.
रात्री भेगा मिटतात,
सकाळी बर्फ त्या पुन्हा उघडतो.
याला उपाय म्हणावं की नाही
मला अजून ठरवता आलेलं नाही.

काल फिलू आली. फिलोमिना.
वीस वर्षं माझं तेल लावतेय:
खोबरेल, माका, जास्वंदीची पानं, मूठभर मेथी.
तिची वेणी अशी, की मिस्साला मागच्या बाकावरच्या बायका
प्रार्थना सोडून तिच्याकडे बघत.
बांबोळीला चौथा डोस झाला तिचा.
डोक्याला निळा रुमाल, उन्हाळ्यातल्यासारखा घट्ट.

"केस येतले काय गो तेलान?"

तोंडावर आलं होतं, येतील की.
बाटलीच्या मागे यतीनने तसंच काहीसं लिहिलंय.
मी चुलीतलं सोडण उगाच पुढे सारलं.
"येतले. पण तेलान नाय.
त्येंका येवचा तेवा येतले."

"मगे माका माका नको," ती म्हणाली,
आणि थांबली, आणि हसत सुटली.
वीस वर्षांत हा विनोद
आम्हां दोघींपैकी कुणालाच सुचला नव्हता.

मग तिने रुमाल सोडला.
"डॉक्टराक इचारलंय. वास नसलेला चलता."
मी मुठेलाचा तुकडा मोडून तळहातावर ठेवला.
घट्ट, पांढरट, नखाला दाद न देणारा;
अंगाची ऊब लागली की मात्र सगळा हट्ट सोडतो.

इतकी डोकी चोळली या हातांनी,
पण बोटं नेहमी केसांतून वाट काढत जायची.
तिच्या केसांना मी बुडख्यापासून ओळखत होते.
डोकं आज पहिल्यांदा भेटलं.
केवढंसं. किती गरम.
उजव्या कानाच्या वर एक जुना व्रण.
मी विचारलं नाही, तीच म्हणाली,
"चिचेवरसून पडललंय, पाचवीत."

कढईतलं पाणी आटत होतं. आटू दिलं.

जाताना तिने फळीवरचा एक गोळा उचलला
आणि सहज, बघावं म्हणून,
माझ्या वळांत आपली बोटं बसवली.
सैल झाली.
पूर्वी तिचा हात माझ्यापेक्षा भरलेला होता.
मी म्हटलं, थांब, दुसरो देतंय, ल्हान.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली,
"धरून ऱ्हवलंय काय बसतली."